कलमी फळझाडे आणि वामनवृक्ष

(हरणी, वडोदरा येथे मराठी भाषिक नागरिक, शिक्षक व बागायतदार यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या नगराच्या नावातच वडाचे झाड आहे, त्या नगराच्या परिसरात झाडांविषयी बोलण्याची संधी मिळावी, हे मी माझे भाग्य समजतो. 'वटोदर' म्हणजे वडांच्या उदरात वसलेले गाव. त्यावरून वडोदरा, आणि आपणा मराठी माणसांच्या तोंडी बडोदे, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते. श्रीमंत सयाजीराव महाराज (तिसरे) १८७५ साली गादीवर आले आणि अवघ्या चार वर्षांत, १८७९ साली, विश्वामित्रीच्या काठी कमाटी बाग उभी राहिली. राजवाड्याआधी बाग, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे; कारण लक्ष्मीविलास राजवाडा पूर्ण झाला तो १८९० साली. पुढे गुस्ताव हर्मन क्रुंबिगल या जर्मन उद्यानतज्ज्ञास महाराजांनी आपल्या पदरी ठेवले. तेच क्रुंबिगल नंतर म्हैसूर संस्थानात गेले आणि बंगळूरच्या लालबागेशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. सारांश, झाड लावणे आणि ते जोपासणे ही या नगराची जुनी रीत आहे.

तथापि आज मी ज्या प्रश्नाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, तो बागेचा नसून अंगणाचा आहे. हरणी हे एकेकाळचे गाव. आज ते महानगराचा भाग झाले आहे. विमानतळ आहे, रुंद रस्ते आहेत, शेताच्या जागी घरे आणि घरांच्या जागी इमारती येत आहेत. हे केवळ हरणीत घडत आहे असे नाही. पुणे, नाशिक, ठाणे, नागपूर या शहरांच्या भोवतालच्या गावांत आम्ही हेच पाहतो. जमीन विकली जाते, वाटणी होते, घर नवे बांधले जाते, आणि आजोबांनी लावलेला रायवळ आंबा, परसातील बोर, विहिरीवरील चिकू कुऱ्हाडीखाली जातो. माणसे गॅलरीत राहावयास जातात. तेथे आंबा लावता येत नाही. मग मनात विचार येतो की, या झाडाचे काहीच मागे ठेवता येणार नाही काय?

कलमी झाडापासून वामनवृक्ष तयार करण्याचा विषय या प्रश्नाशी निगडित आहे. तो केवळ हौशी लोकांचा, दिवाणखान्याच्या शोभेचा विषय नव्हे, हे मला आज सांगावयाचे आहे. मी स्वतः कलाशाखेचा विद्यार्थी. शेतीशास्त्र मी शिकलो ते बागायतदार, कृषी विद्यापीठांची प्रकाशने आणि रोपवाटिकांतील माळीबुवा यांच्याकडून. तेव्हा शास्त्रीय परिभाषेत न शिरता, साध्या शब्दांत विषय मांडतो.

वामनवृक्ष म्हणजे काय?

'बोन्साय' हा शब्द जपानी आहे. 'बोन' म्हणजे उथळ पात्र आणि 'साय' म्हणजे लागवड. ही कला चीनमधून जपानात गेली आणि तेथे तिला आजचे रूप आले. मराठीत आपण तिला 'वामनवृक्ष' म्हणतो, आणि हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. वामन हा बटू खरा, पण तो अपुरा नव्हता. त्याचप्रमाणे वामनवृक्ष हा खुरटलेला किंवा उपाशी ठेवलेला वृक्ष नव्हे. तो पूर्ण वाढलेला, निरोगी, फुलणारा-फळणारा वृक्ष असतो. केवळ त्याचा आकार मुळांच्या व फांद्यांच्या छाटणीने आपल्या हातात ठेवलेला असतो.

झाडावर हा अन्याय नव्हे काय, असे पुष्कळ लोक विचारतात. अन्न-पाणी तोडून झाड लहान ठेवले, तर तो अन्याय खराच. परंतु असे झाड फार दिवस जगत नाही. ज्याला वेळेवर पाणी, खत आणि नवी माती मिळते, ते झाड पात्रात माणसापेक्षा अधिक जगते. हिरोशिमा येथील यामाकी कुटुंबाने पाच पिढ्या सांभाळलेला एक पांढरा पाइन वृक्ष १६२५ पासून पात्रात वाढत आलेला आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी त्या शहरावर अणुबॉम्ब पडला, त्यातूनही तो वाचला. १९७६ साली मासारू यामाकी यांनी तो अमेरिकेस भेट दिला. आज तो वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे. ज्या देशाने बॉम्ब टाकला, त्याच देशाला हे झाड दिले गेले, ही गोष्ट शाळेतील मुलांना अवश्य सांगावी. एक लहान झाड किती मोठा वारसा वाहू शकते, हे त्यावरून त्यांना समजेल.

कलम ही आपली जुनी विद्या

बोन्साय हा शब्द परका असला, तरी कलमाची विद्या परकी नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेदावर एक स्वतंत्र अध्याय आहे. फणस, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष इत्यादी झाडांची फांदी घेऊन, तिला शेण लावून, दुसऱ्या झाडाच्या मुळावर किंवा खोडावर ती कशी रोवावी, याचा निर्देश त्यात आढळतो. पुढे कोकणात हापूस आंब्याची भेट कलमे बांधणारे कुशल कारागीर पिढ्यान्पिढ्या निर्माण झाले. कुंडीतील रोप मातृवृक्षाच्या फांदीजवळ मांडवावर टांगून ठेवावयाचे, दोघांच्या साली तासून त्या एकमेकींस भिडवावयाच्या, आणि जीव जुळला की फांदी मातृवृक्षापासून सोडवावयाची, अशी ही पद्धत. दापोली येथे १९७२ साली कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. कोय कलम आणि मृदुकाष्ठ कलम या सोप्या, कमी खर्चाच्या पद्धतींचा कोकणात जो प्रसार झाला, त्यात या विद्यापीठाचा मोठा वाटा आहे.

कलम जुळते कसे? साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक कोवळा, ओलसर, सतत वाढणारा थर असतो. खालच्या रोपाचा, म्हणजे खुंटाचा, हा थर आणि वरच्या कलमकाडीचा हा थर एकमेकांस नीट भिडले, पट्टीने घट्ट बांधले गेले आणि मध्ये हवा अगर पाणी शिरले नाही, तर दोन्ही बाजूंच्या पेशी वाढून एकजीव होतात. नंतर मुळे खुंटाची, पण फांद्या, पाने, फुले आणि फळे कलमकाडीची, असे एक झाड तयार होते. उत्तर प्रदेशातील मलिहाबादचे हाजी कलीमुल्ला खान यांनी एकाच आंब्यावर तीनशेहून अधिक जातींची कलमे बांधली, आणि २००८ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले, हे आपणांस ठाऊक असेल.

आता गंमत अशी की, बोन्साय करणारे जपानी कारागीरही हेच करतात. पांढऱ्या पाइनची मुळे नाजूक, म्हणून ते तो काळ्या पाइनच्या दणकट खुंटावर बांधतात. झाडाच्या बुंध्यास एका बाजूने मूळ नसेल किंवा हव्या त्या जागी फांदी नसेल, तर तेथे भेट कलम बांधून मूळ अगर फांदी जोडून देतात. म्हणजे जे कौशल्य आपल्या कोकणच्या माळ्यास हातखंडा साधलेले आहे, तेच जगभर या कलेत मोलाचे मानले जाते.

कलमी रोपाचे लाभ

वामनवृक्षासाठी कलमी फळझाड घेण्याचे तीन लाभ आहेत.

पहिला लाभ काळाचा. बियांपासून वाढवलेला आंबा किंवा चिकू फळावर येण्यास सहा-सात वर्षे आणि कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. कारण रोपाचे बालपण संपावे लागते. कलमकाडी मात्र फळणाऱ्या, वयात आलेल्या झाडाची असते. म्हणून कलम तीन-चार वर्षांत मोहरते. पात्रातील झाडाची छाटणी वारंवार होत असल्याने बियांचे रोप आणखी रेंगाळते. तेथे हा लाभ अधिकच जाणवतो.

दुसरा लाभ खात्रीचा. बियांचे रोप आईसारखे निघेलच असे नाही. कलम मात्र मातृवृक्षाचेच अंग असते. ज्या झाडाचे फळ आपण चाखले, त्याच झाडाचे फळ पात्रात मिळते.

तिसरा लाभ मुळांचा. योग्य खुंट निवडला, तर झाड जोमदार राहते आणि वाढही आटोक्यात राहते. चिकूचे कलम खिरणीवर बांधतात. खिरणी म्हणजे गुजरातेतील रायण. हे झाड हळू वाढणारे, काटक आणि दुष्काळ सोसणारे. या भागात रायणीची झाडे सर्वपरिचित आहेत. म्हणून रायणीवरील चिकू हा हरणीकरांच्या वामनवृक्षासाठी अगदी घरचा विषय होय.

कलमी रोपाचे दोष

गुण सांगितले, आता दोषही सांगावयास हवेत. कारण बाजारात ते कोणी सांगत नाही.

पहिला दोष सांध्याचा. रोपवाटिकेतील कलमाचा सांधा पुष्कळदा जमिनीपासून वीतभर उंचीवर असतो. शेतात लावलेले झाड दहा-पंधरा फूट वाढते, तेव्हा हा सांधा कोणाच्या नजरेस येत नाही. पण आपला वामनवृक्ष दीड फुटाचा असेल, तर हीच गाठ नेमकी खोडाच्या मध्यावर, सर्वांच्या डोळ्यांसमोर येते. खालची साल खडबडीत, वरची गुळगुळीत. खाली बारीक, मध्ये फुगीर. असे झाड जन्मभर ठिगळ लावल्यासारखे दिसते. आजकाल दुकानांतून जाड फुगीर मुळांचे, वर लहान पानांचे शेंडे बांधलेले 'जिनसेंग फायकस' विकावयास येतात. त्यांत हे ठिगळ स्पष्ट दिसते. आमच्या वडाचेच ते भाईबंद, पण त्यांचे रूप पाहून वडाला आपली ओळख पटणार नाही.

यावर उपाय तीन. एक, रोपवाटिकेतून रोप निवडताना सांधा जमिनीपासून दोन-तीन बोटांवर असलेलेच घ्यावे, किंवा माळीबुवांना तसे बांधण्यास आधीच सांगावे. दोन, खुंट आणि कलमकाडी यांच्या साली सारख्या दिसणाऱ्या असाव्यात. गावठी बोरीवर कलमी बोर बांधली, तर काही वर्षांत सांधा ओळखूही येत नाही. तीन, ज्या झाडांच्या फांद्यांना गुटी बांधून मुळे फुटतात, अशा पेरू, लिंबू, डाळिंब यांच्या बाबतीत सांध्याच्या वरच गुटी बांधावी आणि स्वतःच्या मुळांवरचे नवे झाड वेगळे करावे. मात्र मग खुंटाचा लाभ सोडावा लागतो, हे लक्षात असू द्यावे. सांधा मातीत पुरून टाकणे हा उपाय मोहक वाटतो. परंतु लिंबूवर्गीय झाडांत सांधा ओल्या मातीखाली गेला की डिंक्या रोग शिरतो आणि झाड हातचे जाते.

दुसरा दोष खुंटाच्या बंडाचा. आपण शेंडा छाटला की झाडाचा जोर खाली वळतो आणि सांध्याच्या खालून फुटवे येऊ लागतात. शेतात वर्षातून एकदा छाटणी होते. पात्रात ती वारंवार होते. म्हणून हा धोका येथे कितीतरी अधिक. हे फुटवे जोमदार, तजेलदार असतात. नवख्या माणसास आनंद होतो. दोन वर्षांनी पाहतो तो काय, चिकू वाळलेला आणि रायण डौलाने उभी! मोसंबी गेली आणि जांभेरी राहिली, अशी तक्रार आपण ऐकतो, ती याचमुळे. सांध्याखालचा प्रत्येक फुटवा अंकुरातच बोटाने खुडून टाकावा.

तिसरा दोष मुळांचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्ष-दोन वर्षे राहिलेल्या कलमाची मुळे तळाशी गुंडाळलेली असतात. तशीच ती पात्रात बसविली, तर पुढे एकमेकींस आवळतात. पहिल्याच बदलीच्या वेळी ती हलक्या हाताने मोकळी करून गुंडाळलेला भाग कापून टाकावा. सोटमूळ एकदम न कापता दोन-तीन टप्प्यांत आखूड करावे.

कोणते झाड घ्यावे?

एक नियम प्रथम सांगतो. छाटणीने पान थोडेफार लहान होते, पण फळ लहान होत नाही. म्हणून मुळातच ज्याचे फळ व पान लहान, तेच झाड घ्यावे.

या कसोटीवर माझ्या मते पहिला क्रमांक बोरीचा. लहान पान, खडबडीत देखणी साल, कडक छाटणी सोसण्याची ताकद, आणि नव्या फुटीवर फुले येण्याचा स्वभाव. छाटले की फळ गेले, असे येथे होत नाही. उलट छाटल्यानेच फळ येते. उमराणसारख्या मोठ्या फळाच्या जातीऐवजी लहान फळाच्या स्थानिक बोरीचे डोळे भरावेत. त्यानंतर लिंबूवर्ग: कागदी लिंबू आणि लहान फळांचे चिनी संत्रे. पेरूची साल सुंदर सुटते आणि त्यालाही नव्या फुटीवर फळ येते. पुण्याच्या गणेशखिंड येथे डॉ. चिमा यांनी १९२७ साली निवडलेली 'लखनौ ४९', म्हणजेच सरदार, ही जात घरोघरी माहीत आहे. पण तिचे फळ मोठे असल्याने लहान पात्रात एखाद-दुसरेच ठेवावे. चिकू सावकाश वाढतो. धीर असणाऱ्यांनी घ्यावा. डाळिंब आणि अंजीर यांना कलमाची गरजच नाही. छाट किंवा गुटीवर ती होतात, आणि वामनवृक्ष म्हणून ती उत्तम आहेत.

आणि आंबा? प्रत्येक सभेत हाच प्रश्न पहिला येतो. आंब्याचे पान लांब, मोहोर मोठा, फळ जड आणि मोहोर फांदीच्या पक्व शेंड्यावर. म्हणजे शेंडा छाटला की मोहोर गेला. खरा वामनवृक्ष म्हणून आंबा साधणे कठीण आहे. तसे आश्वासन देऊन कोणी रोप विकत असेल, तर सावध राहावे. तथापि मोठ्या कुंडीत किंवा पिंपात चार-पाच फुटांचे कलम ठेवून त्याची वर्षाला मोजकी फळे घेणे सहज शक्य आहे. दसरी आणि नीलम यांच्या संकरातून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९७१ साली तयार झालेली 'आम्रपाली' ही ठेंगणी जात त्यासाठी उपयुक्त आहे.

बोरीचा वामनवृक्ष: कृती

उन्हाळ्यात बोर पाने टाकून विश्रांती घेते. एप्रिल-मे महिन्यांत, पिशवीत वाढलेल्या कलमाची छाटणी करावी. पावसाच्या पहिल्या सरी आल्या की ते पसरट मातीच्या कुंडीत लावावे. एकदम उथळ पात्रात लावण्याची घाई करू नये. पहिली दोन-तीन वर्षे खोड जाड होण्यासाठी द्यावीत. खोड बुंध्याशी जाड आणि वर निमुळते हवे. त्यासाठी एखादी खालची फांदी मोकळी वाढू द्यावी व काम झाले की कापून टाकावी.

माती पाण्याचा झटपट निचरा करणारी हवी. विटांचे बारीक तुकडे किंवा जाड वाळू, पोयटा आणि कुजलेले शेणखत सारख्या प्रमाणात घ्यावे. नुसती काळी माती वापरू नये. ती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. पात्रास तळाशी दोन तरी भोके असावीत. फांदीस वळण देण्यासाठी अॅल्युमिनियमची तार सैलसर गुंडाळावी. सालीत तार रुतू लागण्यापूर्वी ती काढावी, आणि काढताना उलगडू नये, तुकडे करून काढावी.

येथे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. उथळ पात्र तव्यासारखे तापते. त्या दिवसांत दुपारची सावली आणि दोन वेळचे पाणी चुकवू नये. गावाला जाताना झाड शेजाऱ्याकडे सोपवावे. नुसत्या सदिच्छेवर ते जगत नाही. चौथ्या वर्षी ते उथळ पात्रात बसवावे आणि पुढे दर दोन वर्षांनी माती बदलून मुळांची छाटणी करावी. फळे धरली, तर चार-सहा ठेवून बाकीची काढून टाकावीत. आणि एखादे वर्ष सारीच फुले काढून झाडास विसावा द्यावा.

जुन्या झाडाचा वंश कसा राखावा?

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. घर पडणार आहे, झाड जाणार आहे, हे ठरल्यावर धावपळ करून उपयोग नाही. एक हंगाम आधी तयारी हवी. जुन्या झाडावर चांगल्या कलमकाड्या नसतात. म्हणून त्याच्या काही फांद्या आधी छाटून नवी फूट आणावी. ही फूट तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड झाली की काडी योग्य होते. आंब्याच्या बाबतीत काडी कापण्यापूर्वी आठ-दहा दिवस तिची पाने देठ ठेवून छाटावीत. म्हणजे डोळे फुगतात. काडी सकाळी कापावी, ओल्या फडक्यात गुंडाळावी आणि शक्यतो त्याच दिवशी बांधावी. खुंट आधीच तयार हवेत. कोय कलमासाठी आठ ते पंधरा दिवसांची, तांबूस पानांची रोपे लागतात; म्हणजे जून-जुलैत कोयी रुजत घालावयास हव्यात. दोन-चार नव्हे, दहा-पंधरा कलमे बांधावीत. सारीच जगत नाहीत. प्रत्येकावर झाडाचे नाव, जागा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी असावी. नातेवाइकांत ती वाटावीत. एक घरी, एक शाळेत, एक शेताच्या बांधावर, अशी ठेवल्यास एखादे मेले तरी वंश राहतो.

लिंबूवर्गीय झाड असेल, तर ते निरोगी असल्याची खात्री प्रथम करावी. काही विषाणुजन्य रोग काडीबरोबर नव्या झाडात जातात. रोगी झाडाची आठवण ठेवावी, कलम करू नये.

आणि एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. वामनवृक्ष ठेवला म्हणजे मोठे झाड तोडण्याची मुभा मिळाली, असा अर्थ कोणी घेऊ नये. पात्रातल्या बोरीखाली मेंढरे बसत नाहीत, पात्रातल्या चिकूवर पोपटांचा थवा उतरत नाही. सावली, पक्षी आणि पाऊस धरून ठेवणारी मुळे यांची भरपाई कोणतेही पात्र करू शकत नाही. महाराष्ट्रात नागरी भागातील झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ पासून कायदा आहे. २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून विशेष स्थान दिले आहे. पहिला प्रयत्न झाड वाचविण्याचा. ते अशक्य झाले, तरच कलमाचा.

त्याचप्रमाणे, झटपट जाड खोड मिळावे म्हणून डोंगरातून, जुन्या भिंतींवरून, ओढ्याकाठून रानटी झाडे उपटून आणण्याची प्रवृत्ती वाढत आहे. अशी उपटलेली झाडे पुष्कळ मरतात आणि डोंगर उघडा पडतो. कलमी रोपाचा सर्वांत मोठा गुण हाच की, ते रोपवाटिकेत तयार होते; त्यासाठी रानातील एकही झाड उपटावे लागत नाही.

शिक्षक आणि अधिकारी यांना विनंती

शिक्षकांना माझी विनंती आहे की, कलम बांधणे हा सहावी-सातवीच्या मुलांसाठी प्रत्यक्ष कृतीचा पाठ करावा. धारदार चाकू शिक्षकांनी स्वतःच्या हाती ठेवावा; पट्टी बांधणे, पाणी घालणे, नोंद ठेवणे ही कामे मुलांनी करावीत. खुंट आणि काडी एकजीव झाल्याचे मूल जेव्हा आपल्या डोळ्यांनी पाहते, तेव्हा पुस्तकातील अर्धा धडा त्याला न शिकविता समजतो. १९०६ साली आपल्या संपूर्ण राज्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण लागू करणाऱ्या राजाच्या या नगरीत असा पाठ शोभून दिसेल.

अधिकारी बंधूंना विनंती अशी की, गावोगावच्या चांगल्या रायवळ आंब्यांची, बोरींची, जांभळांची नोंद करून ठेवावी. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमानुसार शेतकऱ्यास आपल्या वाणाची नोंदणी करता येते. ज्या झाडाला आज कोणी विचारत नाही, त्याची काडी उद्या मोलाची ठरू शकेल. रोपवाटिका चालविणाऱ्यांनी 'कमी उंचीवर सांधा बांधलेली कलमे' हा वेगळा वर्ग ठेवावा. या मालाला शहरात मागणी आहे, आणि ते बांधणारे हात खेड्यात आहेत. कलमे बांधणाऱ्या तरुण-तरुणींना त्यातून घरबसल्या काम मिळू शकेल. मात्र ग्राहकास खुंट कोणता, जात कोणती, सांधा कोठे, हे तिन्ही चिठ्ठीवर लिहून द्यावे. सचोटी हे या धंद्याचेही खतपाणी आहे.

बंधुभगिनींनो, अनेक पिढ्यांपूर्वी आपले पूर्वज महाराष्ट्रातून येथे आले. त्यांची मुळे या मातीत रुजली, त्यांना येथील भाषेची, चालीरीतींची जोड मिळाली, आणि तरीही घरात मराठी राहिली. कलमाचे तत्त्व याहून वेगळे नाही: दुसऱ्याच्या मुळांवर उभे राहावयाचे, त्यांचा मान राखावयाचा आणि फळ मात्र आपल्या जातीचे द्यावयाचे. येत्या पावसाळ्यात आपल्या परसातील एका जुन्या झाडाची निवड करा, त्याच्या फांद्या वेळेवर छाटा आणि जवळच्या रोपवाटिकेत जाऊन खुंट सांगून ठेवा. काडी कापण्याचा दिवस दिनदर्शिकेवर लिहून ठेवावयास मात्र विसरू नका.